खेळातल्या पलटणीसाठी घरच्या घरी ट्रे

दिवाळीत अंगणातल्या किल्ल्यावर मातीचा मावळा एकदा ठेवला की तो चार दिवस तिथेच उभा राहतो. ब्रिटनमध्ये आणि इतर पाश्चात्त्य देशांत टेबलावर खेळल्या जाणाऱ्या ‘वॉरगेम’मधल्या शिपायाचे तसे नसते. त्याला चालावे लागते, वळावे लागते, शत्रूवर तुटून पडावे लागते; आणि हे सारे आपल्या वीस-पंचवीस सोबत्यांची रांग न मोडता. अर्थात शिपाई स्वतः चालत नाही, त्याला खेळाडूचा हात चालवतो. जेमतेम इंच-सव्वा इंच उंचीचा, हातात केसासारखा बारीक भाला धरलेला आणि महिनोन्महिने खपून रंगवलेला हा शिपाई दर खेळीला बोटांच्या चिमटीत पकडून उचलायचा म्हणजे रंग खरवडला जाणार, भाला वाकणार आणि शेजारचे दोघे आडवे होणार, हे ठरलेलेच.

या अडचणीवर खेळाडूंनी शोधलेला उपाय अगदी साधा आहे. सगळी तुकडी एका लहानशा सपाट तबकावर उभी करायची आणि शिपायांऐवजी तबकच सरकवायचे. या तबकाला ‘मूव्हमेंट ट्रे’ म्हणतात. बाजारात प्लॅस्टिकचे आणि लेझरने कापलेल्या एमडीएफचे तयार ट्रे मिळतात. तरीही अनेक खेळाडू ते घरीच तयार करतात. त्यामागे काटकसर आहेच. पण त्याहून मोठे कारण असे की, आपल्या सैन्याचे नेमके माप आपल्यालाच ठाऊक असते. हे ट्रे कसे करतात आणि मिलिमीटरभराच्या फरकाला या खेळात एवढे महत्त्व का, ते पाहू.

ठोकळ्यापासून शिपायापर्यंत

गंमत अशी की, आधुनिक युद्धखेळाच्या प्रारंभी ही अडचण नव्हतीच. प्रशियाच्या सैन्यातील लेफ्टनंट गेओर्ग फॉन राइसवित्स याने १८२४ मध्ये आपल्या ‘क्रीगश्पील’ या खेळाचे नियम प्रसिद्ध केले. लष्करी अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी असलेला हा खेळ १:८००० प्रमाणाच्या नकाशावर खेळला जाई आणि प्रत्येक तुकडीसाठी एकेक लहान ठोकळा असे. ठोकळा सरकवला की तुकडी सरकली. प्रत्येक सैनिक वेगळा दाखवण्याचा प्रश्नच नव्हता.

पुढे हा खेळ छावणीतून दिवाणखान्यात आला, तेव्हा ठोकळ्यांची जागा खेळण्यातल्या सैनिकांनी घेतली. विज्ञानकथाकार म्हणून आपल्याला परिचित असलेले एच. जी. वेल्स यांनी १९१३ मध्ये ‘लिटल वॉर्स’ हे पुस्तक लिहून अशा सैनिकांशी खेळण्याचे नियम घालून दिले. सैनिक हलवायला वेळ लागतो, हे त्यांच्या लगेच ध्यानात आले होते. म्हणून त्यांनी दर तीस सैनिकांमागे एक मिनिट आणि दर तोफेमागे एक मिनिट अशी मुदत ठरवली. ११० सैनिक आणि तीन तोफा असतील तर खेळाडूला सात मिनिटे मिळत. ठोकळा गेला आणि शिपाई आला, त्याबरोबर खेळाचे सौंदर्य वाढले. पण हातांचे कामही तितकेच वाढले. मूव्हमेंट ट्रे म्हणजे एका परीने त्या जुन्या ठोकळ्याचेच पुनरागमन होय. फरक एवढाच की, आता ठोकळ्यावर रंगवलेली जिवंत वाटणारी पलटण उभी असते.

रांगेचे गणित

नॉटिंगहॅमच्या ‘गेम्स वर्कशॉप’ या कंपनीने १९८३ मध्ये ‘वॉरहॅमर’ हा काल्पनिक जगातला युद्धखेळ बाजारात आणला आणि रांगांनी उभ्या राहणाऱ्या सैन्याच्या खेळाला मोठा प्रेक्षक व खेळाडूवर्ग मिळवून दिला. या खेळात तुकडीची रचना शोभेसाठी नसते. पुढच्या रांगेत किती शिपाई आहेत यावर किती जणांना वार करता येईल ते ठरते आणि मागे किती रांगा आहेत यावर तुकडीचा रेटा ठरतो. कवायती फौजेच्या रांगेचे हे महत्त्व मराठी वाचकाला नवे नाही. १७६१ मध्ये पानिपतावर इब्राहिमखान गारद्याच्या पलटणींची भिस्त अशा शिस्तबद्ध रांगांवरच होती.

आता थोडा हिशेब करू. वीस शिपायांच्या चार तुकड्या, म्हणजे ऐंशी शिपाई. लढाई साधारणपणे सहा फेऱ्यांची असते. प्रत्येक फेरीत सगळ्या तुकड्या हलवल्या तर एका बाजूला ४८० वेळा शिपाई उचलून ठेवावा लागेल. दोन्ही बाजू मिळून ९६० वेळा. ट्रे असतील तर हेच काम एका बाजूला चोवीस खेळींत उरकते. संध्याकाळी सुरू झालेली लढाई रात्री जेवणाच्या वेळेपर्यंत निकाली निघते की अर्धवट सोडून द्यावी लागते, ते बरेचदा यावर अवलंबून असते.

वेळेइतकाच महत्त्वाचा प्रश्न न्यायाचा आहे. साध्या पायदळाची चाल चार इंचांची. वीस शिपाई एकेक करून चार इंच पुढे ठेवताना कुणी दोन मिलिमीटर पुढे जातो, कुणी तीन मिलिमीटर मागे राहतो. दोन-तीन फेऱ्यांत रांगेची लाट होते. मग शत्रूपर्यंतचे अंतर नेमके कुठून मोजायचे, यावर वाद सुरू होतो. तुकडी एका कोपऱ्यावर वळवायची असेल तर पंचाईत अधिकच. कारण तेव्हा बाहेरच्या टोकाच्या शिपायाने कापलेले अंतर मोजतात आणि बाकीच्यांना त्याच्याशी काटेकोर जुळवून घ्यावे लागते. ट्रेला मात्र एकच कोपरा, एकच कड. ती मोजली की वाद मिटला.

आधी माप, मग कात्री

प्रत्येक शिपाई एका लहान चौकोनी बैठकीवर चिकटवलेला असतो. तिला ‘बेस’ म्हणतात. ट्रेचे सारे गणित या बेसवर उभे आहे. उदाहरणार्थ, जुन्या वॉरहॅमरमध्ये माणसांच्या पायदळाचा बेस २० मिलिमीटरचा, धिप्पाड ‘ऑर्क’चा २५ मिलिमीटरचा आणि घोडेस्वाराचा २५ बाय ५० मिलिमीटरचा असे.

समजा, २० मिलिमीटरच्या बेसवरचे वीस शिपाई आहेत आणि त्यांना पाच-पाचच्या चार रांगांत उभे करायचे आहे. रुंदी पाच गुणिले वीस म्हणजे १०० आणि खोली चार गुणिले वीस म्हणजे ८० मिलिमीटर. नवखा माणूस इथेच फसतो. तो नेमका १०० बाय ८०चा खण करतो आणि शेवटचा शिपाई काही केल्या आत बसत नाही. बेसच्या कडांना रंगाचा थर असतो, कडेला चिकटवलेले वाळूचे कण असतात; पाच शिपायांचे मिळून ते मिलिमीटरभर सहज वाढते. शिवाय एकाचा भाला दुसऱ्याच्या ढालीला अडतो तो वेगळाच. म्हणून दोन्ही दिशांना सुमारे दोन मिलिमीटर सूट ठेवून आतला खण १०२ बाय ८२चा धरावा. त्याहून उत्तम म्हणजे शिपाई प्रत्यक्ष रांगेत उभे करून पट्टीने मोजावे आणि मगच पुठ्ठ्यावर रेघ ओढावी.

शिपाई घसरून पडू नयेत म्हणून ट्रेला काठ हवा. तो डावीकडे, उजवीकडे आणि मागे असावा. पुढची बाजू मोकळी ठेवावी. कारण दोन तुकड्या भिडतात तेव्हा बेसला बेस टेकणे अपेक्षित असते, आणि मध्ये काठ आला तर दोन्ही सैन्यांत विनाकारण फट राहते. काठाची रुंदी तीन मिलिमीटर धरली तर तळाचा तुकडा १०८ बाय ८५ मिलिमीटरचा कापावा लागेल. काठाची उंची बेसपेक्षा कमी असावी. बेस साधारण तीन-चार मिलिमीटर उंच असतो. काठ दोन मिलिमीटरचा पुरे. शिपाई अडतो, पण झाकला जात नाही.

सामान कोणते?

तळासाठी सर्वांत स्वस्त वस्तू म्हणजे वह्या-पुस्तकांच्या बांधणीचा दोन मिलिमीटर जाडीचा पुठ्ठा. तो कटरने कापता येतो आणि कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात मिळतो. त्याचा शत्रू म्हणजे ओलावा. पॉलिस्टायरीनचे एक ते दीड मिलिमीटरचे शीट अधिक टिकाऊ. त्यावर कटरने रेघ मारून वाकवले की ते रेघेवर स्वच्छ तुटते. दोन-तीन मिलिमीटरचा एमडीएफ सर्वांत मजबूत, पण तो कापायला बारीक करवत लागते. त्याचा भुसा नाकातोंडात जाऊ देऊ नये. मास्क लावून आणि मोकळ्या हवेतच तो कापावा व घासावा.

थर्माकोल आणि आत फोम असलेले बोर्ड मात्र टाळलेले बरे. ते हलके असते, कापायलाही सोपे; पण दाबाने दबते आणि स्प्रेच्या डब्यातला रंग मारला की त्यातल्या द्रावकाने फोम अक्षरशः विरघळतो. तासाभराची मेहनत डोळ्यांदेखत खड्ड्यांनी भरून जाते.

काठासाठी त्याच पुठ्ठ्याच्या तीन मिलिमीटर रुंदीच्या पट्ट्या किंवा बाल्सा लाकडाच्या बारीक पट्ट्या चालतात. याखेरीज स्टीलची पट्टी, गुण्या, धारदार कटर, पॉलिश पेपर, लाकूडकामाचा पांढरा डिंक, बारीक चाळलेली वाळू आणि रंग एवढे सामान पुरेसे आहे.

प्रत्यक्ष कृती

पुठ्ठ्यावर १०८ बाय ८५चा आयत गुण्या लावूनच आखावा. नजरेने काढलेला काटकोन एखादा अंशाने चुकला तरी चौथ्या रांगेपर्यंत ती चूक दिसू लागते. कापताना प्लॅस्टिकची पट्टी न वापरता स्टीलची वापरावी, आणि एकाच दमात जोर लावून कापण्याऐवजी चार-पाच हलके फेरे द्यावेत. पाते नवे असावे. बोथट पाते पुठ्ठा फाडते आणि घसरून बोटही कापते. पट्टी धरणारा हात पात्याच्या वाटेत येऊ देऊ नये.

मग मागच्या काठाची पट्टी चिकटवावी. ती पूर्ण १०८ मिलिमीटर लांबीची. त्यानंतर डावी आणि उजवी पट्टी, प्रत्येकी ८२ मिलिमीटरची. डिंक ओला असतानाच शिपाई आत उभे करून पाहावे. पट्टी सरकवायची तर हीच वेळ असते. जमले की शिपाई काढून घ्यावे, आतला सांडलेला डिंक पुसावा आणि वर जाड पुस्तके ठेवून ट्रे रात्रभर वाळू द्यावा. दुसऱ्या दिवशी सर्व कडा पॉलिश पेपरने घासाव्यात. तळाची पुढची कड खालून किंचित गोलसर केली तर टेबलावरच्या कृत्रिम गवतात ती अडकत नाही.

आता सजावट. शिपायांच्या बेसवर जशी माती-गवत आहे तशीच ट्रेच्या काठावर हवी; नाहीतर पलटण हिरवळीवर आणि काठ मात्र उघडा पुठ्ठा, असे विजोड दिसते. काठावर डिंक लावून वाळू भुरभुरावी, वाळल्यावर गडद तपकिरी रंग द्यावा आणि जवळजवळ कोरड्या ब्रशने फिकट रंगाचा हलका हात फिरवावा. कणांचे उंचवटे उठून दिसतात. शेवटी मॅट वार्निशचा एक हात द्यावा. आतला खण मात्र गुळगुळीतच ठेवावा. तिथे वाळू गेली तर शिपाई डुगडुगतात.

या टप्प्यावर पुठ्ठ्याचे ट्रे हमखास वाकतात आणि दोष डिंकाला दिला जातो. खरे कारण वेगळे आहे. पुठ्ठ्याचे कागदी तंतू पाणी पिऊन फुगतात आणि वाळताना आकसतात. डिंक आणि रंग एकाच बाजूला लागला की तीच बाजू आकसते व ट्रेच्या कडा त्या दिशेला उचलल्या जातात. उपाय सोपा आहे. वरची बाजू रंगवताना खालच्या बाजूलाही पाणी घातलेल्या डिंकाचा किंवा रंगाचा तेवढाच हात द्यावा आणि सुकत आल्यावर वजनाखाली ठेवावा. दोन्हीकडचा ताण सारखा झाला की पुठ्ठा सरळ राहतो.

चुंबकाची साथ

टेबल ओलांडताना काठ पुरतो. पण सैन्य घेऊन मित्राच्या घरी जायचे असेल तर चुंबक हवे. शिपायाच्या बेसखाली लवचीक रबरी चुंबकाचा तुकडा चिकटवतात आणि ट्रेच्या तळावर पातळ लोखंडी पत्रा किंवा लोहकण असलेले शीट बसवतात. दोन्हीकडे रबरी चुंबकच लावण्याची चूक करू नये. अशा चुंबकात उत्तर आणि दक्षिण ध्रुवांचे पट्टे आलटून-पालटून असतात. दोन शीट समोरासमोर आली की पट्टे जुळतील तिथेच ती चिकटतात, आणि आपण नीट लावलेला शिपाई आपोआप मिलिमीटर-दोन मिलिमीटर बाजूला उडी मारतो. लोखंडी पत्र्यावर ही कटकट नसते. पत्र्याच्या कडा धारदार असतात. त्या आधी घासून घ्याव्यात. ट्रेचा आतला खण पत्र्याच्या जाडीएवढा उथळ होतो, हेही काठाची उंची ठरवताना लक्षात ठेवावे.

जुन्या सैन्याचा प्रश्न

घरगुती ट्रेची खरी किंमत अलीकडे कळली. २०१५ मध्ये कंपनीने जुना वॉरहॅमर बंद केला आणि गोल बेसचा, रांगा नसलेला नवा खेळ आणला. रांगांचे सैन्य बाळगणाऱ्यांची कपाटे बंद झाली. मग जानेवारी २०२४ मध्ये ‘द ओल्ड वर्ल्ड’ या नावाने रांगांचा खेळ परत आला. पण येताना त्याने बेसची मापे बदलली. माणसांचे पायदळ २० वरून २५ मिलिमीटरवर गेले, ऑर्क २५ वरून ३०वर आणि घोडेस्वार २५ बाय ५० वरून ३० बाय ६०वर.

कागदावर हा पाच मिलिमीटरचा फरक क्षुल्लक दिसतो. पण ज्याच्याकडे पंधरा-वीस वर्षांपूर्वी रंगवलेले दोनशे शिपाई आहेत, त्याच्यापुढे मोठे संकट उभे राहते. शिपायाच्या पायाखालची पट्टी जुन्या बेसच्या खाचेत डिंकाने पक्की झालेली असते. ती उपटताना धातूच्या मूर्तीचा घोटा तुटतो, रंग उडतो. आणि त्यातले काही शिपाई कॉलेजच्या दिवसांत रंगवलेले, काही आता दूर गेलेल्या मित्राने भेट दिलेले असतात. ते बिघडले तर पुन्हा विकत मिळत नाहीत.

इथे ट्रे मदतीला येतो. बेस बदलण्याऐवजी बेसमधले अंतर बदलायचे. पाच गुणिले चार शिपायांना नव्या मापाने १२५ बाय १०० मिलिमीटर जागा हवी. म्हणून तळाचा तुकडा त्याच मापाचा कापावा, त्यावर २५ मिलिमीटरचे चौकोन आखावेत आणि प्रत्येक चौकोनाच्या मधोमध एक जुना शिपाई येईल अशी योजना करावी. दोन शिपायांमध्ये पाच मिलिमीटर आणि चारही कडांना अडीच मिलिमीटर जागा उरते. रुंदीचा ताळा करून पाहा. पाच बेसचे १००, मधल्या चार फटींचे २० आणि दोन कडांचे पाच, एकूण १२५. या फटींत पुठ्ठ्याच्या पट्ट्या चिकटवल्या की प्रत्येक शिपायाला स्वतःचा खण मिळतो. पट्ट्या पाचऐवजी साडेचार मिलिमीटरच्या कापाव्यात. रंगाच्या थराला तेवढी सूट लागते. चुंबकाची सोय असेल तर पट्ट्या न लावता नुसत्या रेघांवरही भागते.

या ट्रेत काठ मापाच्या आतच येतो, त्यामुळे पुढची बाजूही बंद ठेवता येते. ट्रेची बाहेरची कड हीच तुकडीची कड. मात्र औपचारिक स्पर्धेत उतरण्यापूर्वी असा ट्रे मान्य आहे का, हे आयोजकांना विचारून घ्यावे. घरच्या खेळात समोरच्या खेळाडूला आधी सांगितले की पुरे. आणि उद्या नियम पुन्हा बदलले, तर फेकून द्यायचा तो दोन मिलिमीटरचा पुठ्ठा. शिपायाला कुणी हातही लावलेला नसतो.

शिपाई कमी होतात तेव्हा

लढाईत शिपाई पडतात आणि ते मागच्या रांगेतून काढून घेतले जातात. वीसचे तेरा उरले की ट्रेचा मागचा भाग रिकामा राहतो आणि वळताना तो दुसऱ्या तुकडीला आडवा येतो. यावर दोन उपाय प्रचलित आहेत. रिकामा भाग मोजायचा नाही, हे दोघांनी आधीच ठरवणे हा पहिला. दुसरा उपाय म्हणजे दोन-दोन रांगांचे दोन ट्रे करणे. मागचा रिकामा झाला की तो टेबलावरून उचलून घ्यायचा. अशा जोडीत पुढच्या ट्रेला मागचा काठ ठेवू नये, नाहीतर दुसऱ्या आणि तिसऱ्या रांगेत फट पडते.

काही खेळांत ही अडचणच नाही. ‘किंग्ज ऑफ वॉर’ या खेळात तुकडी अखंड मानली जाते. शिपाई काढत नाहीत, तुकडीला झालेल्या नुकसानीची नुसती नोंद ठेवतात. त्यामुळे तिथे खेळाडू शिपाई थेट ट्रेवरच कायमचे चिकटवतात आणि त्यात एखादे मोडके कुंपण किंवा पडलेले झाडही बसवतात. ट्रे हाच एक छोटा देखावा होतो. राइसवित्सचा ठोकळा दोनशे वर्षांनी असा पुन्हा प्रकट झालेला दिसतो.

पहिला ट्रे करणाऱ्याने सगळ्या सैन्याचे माप एकदम काढू नये. एकच तुकडी घ्यावी, एकच ट्रे करावा आणि त्यावर एक संध्याकाळ खेळून पाहावे. काठ उंच झाला, खण घट्ट झाला, ट्रे टेबलावर अडखळला, असे जे काही असेल ते पहिल्याच लढाईत कळते. दुसरा ट्रे त्या अनुभवाने करावा आणि उरलेले त्याच्या मापाने. पुठ्ठ्याचा एक ताव आणि एक रविवार एवढ्यात एका सैन्याचे काम होते.